तीन बोटं

प्रिय योलिता,

तुझा मेल क्लबच्या ऑफिसात आला आणि तिथून तौत्विदासनं तो मला पुढे पाठवला. तौत्विदास म्हणजे क्लबचा नवा अध्यक्ष. आपण बास्केटबॉलच्या युरोप कपात खेळत होतो तेव्हा हा पाळण्यात पाय हलवत होता, आता आपल्याला दंतकथा म्हणतो. क्लबला साठ वर्षं होतायत, म्हणून बावीस मार्चच्या सामन्याआधी हॉलच्या भिंतीवर आपल्या संघाचा मोठा फोटो लावायची त्याची टूम आहे आणि जिवंत आहेत त्या सगळ्यांना बोलावणं गेलंय. तू येतेस म्हणे. इटलीहून, नवऱ्याला घेऊन. चांगलं आहे. मेलच्या शेवटी तू लिहिलंयस, "एक गंमत करूया. झेनोनासकाकांना त्या दिवशी पुन्हा गुणांच्या बोर्डावर बसवा. म्हणावं, या खेपेला नीट मोजा." आणि पुढे एक पिवळा हसरा चेहरा टाकलायस. तौत्विदासला कल्पना फार आवडली. मला विचारत होता, "तुमचे बाबा येतील का हो?" मी म्हटलं, मी योलितालाच लिहिते काय ते. म्हणून हे पत्र. मेलला मेलनं उत्तर द्यायचं असतं हे मलाही कळतं, पण कागद फाडायला निदान दोन हात लागतात. तेवढे कष्ट तुला पडावेत असं वाटलं. बाबांचं शेवटी सांगते.

आधी गावाची खबर, नाहीतर म्हणशील, इतक्या वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे काही पाठवलं नाही आणि आता लिहिलं तर भांडायलाच. लिननची गिरणी पुरती बंद झाली. आपल्या आया ज्या शेडमध्ये माग चालवायच्या तिथे आता सोफे विकतात. प्रशिक्षक ब्रोनिउस तीन वर्षांपूर्वी गेला, स्वतःच्या परसातल्या वाफेच्या खोलीत. आपल्याला आयुष्यभर घाम काढायला लावला आणि शेवटी स्वतःही घामातच गेला. गणिताच्या तेओदोराबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. दुकानातल्या पोरीनं यंत्रावर केलेली बेरीज अजून तोंडी तपासून बघतात. मी आपल्याच शाळेत खेळ शिकवते. माझा डावा गुडघा गेला, लग्न त्याच्याही आधी गेलं, दोन्हीची सवय झाली. हॉल तोच आहे. खुर्च्या प्लॅस्टिकच्या केल्यात आणि फरशीवर रेषा नव्यानं आखल्यात, तीन गुणांची रेषा आता अर्धा मीटर मागे सरकवलीय. पण हिवाळ्यात ऊन तिरपं येतं तेव्हा पॉलिशखालून जुनी रेषा अजून दिसते.

ती रेषा आखली तो दिवस तुला आठवतो का? चौऱ्याऐंशी साली तीन गुणांचा नियम नवा आला आणि गावात कुणाला तो गोल आखता येईना. बाबा गिरणीत मागांचे मेकॅनिक. त्यांनी बास्केटच्या बरोबर खाली फरशीत खिळा ठोकला आणि लिननची दोरी घेतली. ताण दिल्यावर लांबू नये म्हणून आदल्या दिवशी ती भिजवून, वजन लावून वाळवली होती. सहा मीटर पंचवीस सेंटिमीटर. आपण दोघी दहा वर्षांच्या. मी खिळ्यापाशी मांडी घालून दोरीचं टोक दाबून बसले होते आणि तू दुसऱ्या टोकाला खडू धरून गुडघ्यांवर सरकत होतीस. मागून बाबा ब्रशनं पांढरा रंग देत होते. तुझ्या फ्रॉकला रंग लागला, तुझी आई मारेल म्हणून तू रडायला लागलीस, तर माझ्या आईनं तो घासून काढला आणि तुला बटाट्याचे गोळे साय आणि शेपू घालून जेवायला वाढले. तू पाच खाल्लेस. रेषा वाळल्यावर बाबांनी आपल्या दोघींना तिच्यावर उभं केलं आणि म्हणाले, "नीट ऐका. ही रेषा आतली, बाहेरची नाही. अंगठा टेकला तरी दोनच गुण." त्यानंतर तेरा वर्षं तू त्या रेषेमागून रोज शंभर वेळा चेंडू फेकलास. गावात कुणाला ती रेषा खाली न बघता तळपायाला कळत असेल, तर ती तुला.

गुणांचा बोर्डही बाबांचाच म्हणायचा. सरकारनं दिलेला, जुना, बल्बांचा. त्याच्या तारा बाबांनी इतक्या वेळा बदलल्या होत्या की सरकारचं त्यात काही राहिलंच नव्हतं. सामन्याआधी तासभर ते टेबलाशी बसून सगळे बल्ब एकदम लावायचे. दोन्हीकडे अठ्ठ्याऐंशी. एकही बल्ब मेलेला नाही अशी खात्री झाली की मगच सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. तू तेव्हा त्यांच्या शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधायचीस, मी नाही. माझ्यापेक्षा त्यांना तुझं जास्त कौतुक होतं, हे मी तेव्हाही ओळखून होते. तुझा बाप तुम्हाला सोडून गेला होता आणि माझा घरात होता, त्यामुळे मी कधी कुरकुर केली नाही. आता म्हणायला हरकत नाही की मला वाईट वाटायचं.

मग तो सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हंगाम. आपण कुणाच्या खिजगणतीतही नव्हतो. गिरणी निम्मी बंद, गावातले पुरुष जर्मनीत बांधकामावर, आणि आपण बारा पोरी युरोपच्या कपात. स्पेनचा संघ नोव्हेंबरात आला, हॉल इतका गार की त्यांच्या बाकावरच्या मुली कोट घालून बसल्या होत्या, आणि आपण त्यांना चौदानं हरवलं. पोलंडच्या रस्त्यावर आपली बस बंद पडली तेव्हा ब्रोनिउस म्हणाला, "उतरा गं, ढकला. हाही सरावच आहे." हॉटेलच्या मोरीत जर्सी धुवायच्या आणि हीटरवर वाळत घालायच्या. तुझ्या नऊ नंबरावर हीटरच्या नळ्यांचे पट्टे उठले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. आणि आपण जिंकलो की गिरणीचा भोंगा वाजायचा. ब्रोनिउसचा मेहुणा तिथे बॉयलरवर होता, तो रेडिओ ऐकून साखळी ओढायचा. दुसऱ्या पाळीच्या बायकांना त्यामुळे निकाल कळायचा. माझी आई सांगायची, भोंगा झाला की माग क्षणभर थांबवून सगळ्या एकमेकींकडे बघून हसायच्या. बाहेर आपली किंमत किती होती मला माहीत नाही, पण त्या हिवाळ्यात गावाला हसायला दुसरं कारणच नव्हतं.

फेब्रुवारीत उपांत्यपूर्व फेरी. आधी हंगेरीत, मग आठवड्यानं आपल्याकडे, दोन्ही सामन्यांची बेरीज करून पुढे कोण जाणार ते ठरायचं. हंगेरीत आपण नऊ गुणांनी हरलो. परतीच्या बसमध्ये ब्रोनिउस उठला आणि वाफ धरलेल्या पुढच्या काचेवर बोटानं भला मोठा दहाचा आकडा काढला. म्हणाला, "नऊनं जिंकलात तर बरोबरी. मग जादा वेळ खेळायला लागेल, आणि जादा वेळात तुमच्या पायांत काही उरणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. दहा पाहिजेत. नऊ म्हणजे काही नाही." आठवडाभर गावात तो आकडा झाला. बेकरीवाली मला म्हणाली, "नऊ पाव मागू नकोस, या आठवड्यात मी नऊ विकतच नाही." चर्चमध्ये पाद्रीबाबांनी दहा आज्ञांवर प्रवचन केलं. घरी आल्यावर आमचे बाबा म्हणाले, बरं झालं देवानं नऊवर थांबवलं नाही.

त्या संध्याकाळचं मी तुला काय सांगणार, तू होतीसच. तरी सांगते, कारण मी ते गेली सत्तावीस वर्षं दर हिवाळ्यात मनात पुन्हा पाहते आणि माझ्याकडे जे आहे तेच तुझ्याकडे उरलं असेल याची खात्री नाही. टेबलाशी घड्याळवाला, त्याच्या शेजारी गुणपत्रिका लिहायला तेओदोराबाई, मध्ये युरोपच्या संघटनेचा तो उंच डॅनिश निरीक्षक, आणि कडेला बोर्डाच्या बटणांपाशी बाबा, गळ्यापर्यंत बटण लावून. चाळीस सेकंद उरली तेव्हा आपण सातनं पुढे होतो, अठ्ठ्याहत्तर-एकाहत्तर. मी चेंडू तुला दिला. तू टेबलापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात होतीस, तुझ्या आवडत्या जागी. तू उडी मारलीस आणि चेंडू कशालाही न लागता जाळीतून खाली आला. तो आवाज मला अजून येतो. बाकावरच्या पोरी उड्या मारत टेबलासमोर आल्या, ब्रोनिउसनं त्यांना मागे ओढलं, आणि त्यांच्या डोक्यांवरून बोर्डावर एक्क्याऐंशी लागले. दहा. हंगेरीच्या मुलींनी चेंडू आणला, घाईनं फेकला, चुकला. उडालेला चेंडू माझ्या हातात आला. सतरा सेकंद. मी बोर्डाकडे पाहिलं, दहा होते. सगळा हॉल ओरडत होता, "धर, धरून ठेव!" मी धरला.

पुढचं गावात अजून सांगतात, लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. बझर झाला, माणसं खाली मैदानात आली, गिरणीचा भोंगा वाजला आणि थांबेचना. ब्रोनिउस गुडघ्यांवर बसून फरशीचे मुके घेत होता. तू खाली बसून डावा बूट काढलास आणि प्रेक्षकांत फेकलास. आणि टेबलाशी तेओदोराबाई पांढऱ्याफटक पडून उभ्या होत्या, कारण त्यांच्या कागदावर ऐंशी होते. त्यांना फरक शेवटच्या पंधरा सेकंदांत दिसला होता, पण चेंडू खेळात असताना बझर दाबता येत नाही, आणि नियम मोडणं त्या बाईच्या रक्तातच नाही. पंचांना विचारलं. तुझ्याजवळचा पंच म्हणाला, पाय रेषेवर होता, मी दोन दिले. निरीक्षक म्हणाला, कागद खरा, बोर्ड फक्त प्रेक्षकांसाठी असतो. नऊ. बरोबरी. जादा वेळ. माणसांना पुन्हा खुर्च्यांवर बसवायला वीस मिनिटं लागली. आणि मग माइकवरून सांगावं लागलं, "योलिताचा डावा बूट ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपा करून टेबलाशी आणून द्यावा." हंगेरीच्या मुली तेवढ्यात बाकावर बसून निवांत केळी खात होत्या. आपल्या पायांत काही उरलेलं नाही हे ब्रोनिउसला आधीच ठाऊक होतं. तीन गुणांनी हरलो.

बाबांना सगळ्यांसमोर विचारलं ते मला आठवतं. ब्रोनिउस टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "झेनोनास, पंच दोन दाखवतोय आणि तू तीन दाबतोस? का?" बाबांनी आपल्या दोघींच्या दिशेनं पाहिलं. मग बटणांकडे पाहिलं. म्हणाले, "बोट चुकलं." एवढंच. मागावर तुटलेला एक धागा नुसत्या बोटांनी शोधणारा माणूस, त्याचं बोट चुकलं. महिन्यानं संघटनेचं पत्र आलं की या इसमाला यापुढे कोणत्याही सामन्याच्या टेबलाशी बसवू नये. त्याचं त्यांना फार वाटलं नसतं. पण गावानं सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. बाजारात लोक विचारायचे, "झेनोनास, दोन आणि एक किती रे?" पोरीला पुढे काढायला म्हाताऱ्यानं एक गुण घरातून आणला, असंही बोलले. हो, पोरीला म्हणजे मला. बेकरीवाली सुटे पैसे देताना म्हणायची, "मोजून घे हो, नाहीतर तुझ्याकडे जास्त व्हायचे." बाबा हसायचे. सगळ्यांबरोबर हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. हॉलमध्ये त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. सामन्याच्या दिवशी ते गावाबाहेरच्या आमच्या बागेतल्या खोलीत जाऊन रेडिओ लावून बसायचे, हिवाळ्यातसुद्धा, चुलीपाशी. नव्या माणसाला बोर्डाच्या तारा कळेनात. एक बल्ब गेला तो गेलाच, आठाचा आकडा सहासारखा दिसायचा. एकदा मी सांगितलं तर म्हणाले, "डाव्या बाजूची तिसरी खोबण. चिमूटभर कागद घाल म्हणावं." पण ते सांगायला गेले नाहीत.

आणि तू जूनमध्ये इटलीला गेलीस. त्या सामन्यात तू सत्तावीस गुण केलेस आणि वरच्या रांगेत बसलेल्या इटलीच्या क्लबच्या माणसानं ते पाहिले होते. जाण्याआधी आमच्याकडे आलीस, बाबांनी तुला राय धान्याच्या पिठाचा काळा पाव कापडात बांधून दिला. तू त्यांच्या गळ्यात पडून रडलीस. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, आता सांगेल. आता तरी सांगेल. तू म्हणालीस, "काका, मनाला लावून घेऊ नका, चूक कुणाच्याही हातून होते." योलिता, किती वेळा मी हे वाक्य बागेत खणताना कुदळीबरोबर मातीत घातलंय. तू मोठी खेळाडू झालीस, देशाकडून खेळलीस, तिकडे मुलींची शाळा काढलीस, सगळ्याचं मला कौतुक आहे. मुलाखतीत तू त्या हंगामाबद्दल सांगतेस तेव्हा गोड बोलतेस. "आमच्या गावात एक म्हातारे काका होते, त्यांच्याकडून एक बटण चुकलं, आणि तरीही आम्ही त्यांच्यावर प्रेम केलं." तुझं प्रेम मी वाचलं. त्यांनीही वाचलं, ते कात्रण मीच मूर्खासारखं नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

आता ऐक. चेंडू जाळीतून गेला तेव्हा मी तुझ्यापासून चार पावलांवर होते. पंच तुझ्या उजवीकडे होता आणि त्यानं दोन बोटं दाखवली. तू त्याच्याकडे पाहिलंस. मग तू मागे पळत येताना हात डोक्याच्या वर धरलास, टेबलाकडे वळून, तीन बोटं उघडून. उगाच आनंदानं नाही. खेळाडू आनंदात हात हलवतात, नाचवतात. तू तो स्थिर धरलास, बाबांना दिसेपर्यंत. त्यांच्यासमोर पोरी उड्या मारत होत्या, त्यांना पंच दिसत नव्हता, त्या डोक्यांवरून तुझा हात तेवढा दिसला. तुझ्याबद्दल त्यांना शंका घ्यायचं कारण काय? ज्या पोरीनं त्यांच्या दोरीला खडू धरून ती रेषा काढली, ती सांगतेय तीन, तर तीन. तू खोटं बोललीस. बोटांनी बोललीस, तरी खोटंच. आणि ज्या माणसानं ते खरं मानलं त्याच्यावर खापर फुटताना तू मूग गिळून बसलीस, आणि तो माणूस तुझं नावही न घेता म्हणाला, बोट चुकलं. मला तुझा राग येतो. पन्नाशी उलटून गेली तरी येतो.

बाबा ऑक्टोबरात गेले. तू विचारलंस म्हणून सांगते, ते बोर्डावर बसू शकणार नाहीत. त्र्याऐंशी वर्षांचे होते, फुप्फुसं गिरणीच्या धुळीनं भरलेली. जायच्या आधी नऊ दिवस, दुपारी, आम्ही बागेतल्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. सफरचंदं उतरवून झाली होती, ऊन छान होतं, मी चहा केला होता. एकाएकी त्यांनी विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "विलिया, त्या दिवशी पंचानं किती बोटं दाखवली ते तू पाहिलं होतंस का? माझ्यापुढे पोरी आडव्या आल्या. मला योलिताची तीन दिसली. ती कशाला खोटी दाखवेल? म्हणून मी दाबलं. पण पंचाची किती होती?" सत्तावीस वर्षं त्यांना हे माहीत नव्हतं गं. आपल्याला दिसलं ते खरं होतं की आपलीच नजर चुकली, एवढं एकच त्यांना जाण्याआधी हवं होतं. मी कपात बघत म्हणाले, "मला नाही दिसली, बाबा." त्यांनी मान हलवली. "मग असेल माझीच चूक," म्हणाले, आणि चहा प्यायले.

हे पत्र तुला शिव्या द्यायला लिहिलेलं नाही, योलिता, त्या देऊन झाल्या. मला पंचाची दोन बोटं दिसली होती, ते वर लिहिलंच आहे, आणि तू हुशार आहेस, तेव्हाच थांबून विचार केला असशील. शेवटच्या सतरा सेकंदांत चेंडू माझ्या हातात होता आणि खरे नऊच आहेत हे त्या हॉलमध्ये ज्यांना माहीत होतं त्यांतली मी एक होते. माझ्यासमोरची मुलगी दमून कमरेवर हात ठेवून उभी होती, बास्केटपर्यंतचा रस्ता मोकळा होता. मी गेले असते आणि चेंडू टाकला असता तर तुझ्या खोट्याची कुणाला गरजच पडली नसती, आणि माझे बाबा त्यांच्या खुर्चीवर म्हातारे झाले असते. पण चुकला तर, असं वाटलं. बोर्डावर दहा आहेत, कोण बघतंय, असं वाटलं. मी चोरीचा गुण हातात धरून सतरा सेकंद उभी राहिले, मग सत्तावीस वर्षं, आणि शेवटी त्या बाकावर ते स्वतः विचारत असतानाही. तू एकदा खोटं बोललीस, मी रोज. बावीस मार्चला फोटो लावल्यावर तौत्विदास माइक माझ्याकडे देणार आहे, दोन शब्द बोला म्हणून. मी जुन्या रेषेवर उभी राहून सांगणार आहे की अंगठा रेषेवर होता, पंचानं दोन दाखवली, योलितानं तीन दाखवली, आणि विलियानं सगळं पाहिलं. माझं नाव आधी घेईन. तुझंही घेईन, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून आधी लिहिलं. आलीस तर सामन्याच्या तासभर आधी ये. तेओदोराबाई येणार आहेत, जुना बोर्ड मी तळघरातून काढून घेतलाय, त्या तिसऱ्या खोबणीत कागद घातलाय. दोन्हीकडे अठ्ठ्याऐंशी लावून बघायचे आहेत, आणि मग सगळ्या गावाला सांगायचं आहे की झेनोनासचं बोट चुकलं नव्हतं.

तुझीच, खिळ्यापाशी दोरीचं टोक धरून बसलेली,
विलिया